रिपोर्ट नॉर्मल आले, मग पुन्हा तपासणी कशाला?

*नमस्कार मॅडम,*

*माझी मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. दहावीच्या सुट्टीत ‘हेल्दी खायचं’ म्हणून तिनं तळलेलं सोडलं, मग साखर, मग तूप, मग भात. आता दिवसभरात एखादा फुलका, काकडी आणि ताक. पहाटे पाचला उठून पळायला जाते. मंगळवार, गुरुवार, संकष्टी असे उपास धरलेत आणि उपासाचंही खात नाही. पाच महिने पाळी आलेली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून पीसीओडी सांगितलं आणि वजन आटोक्यात ठेवा म्हणाल्या. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं, थायरॉइडमधलं टी-थ्री तेवढं थोडं कमी. नाडी ४८ लागली, पण ‘पळते ना, खेळाडूंची अशीच असते’ असं ते म्हणाले. कॉलेजच्या समुपदेशक बाईंना मात्र ईटिंग डिसऑर्डरची, म्हणजे खाण्याच्या विकाराची, शंका येतेय. आधी पूर्ण वैद्यकीय आणि आहाराची तपासणी करून या, असं त्यांनी सांगितलं. मुलगी म्हणते, मी वेडी नाही, मला कुठेही नेऊ नका. सासूबाई म्हणतात, डॉक्टर बस झाले, तूप आणि डिंकाचे लाडू चारा. सगळं नॉर्मल असताना पुन्हा तपासणी कशासाठी?*

*– एक आई, नाशिक*

ताई,

तुमच्या पत्रातले वजनाचे आकडे मी छापलेले नाहीत. हे सदर मुलीही वाचतात, आणि या आजारात दुसऱ्या मुलीचं वजन कळलं की त्याच्याशी स्पर्धा सुरू होते. वाचकांना एवढंच सांगते, की सात महिन्यांत या मुलीचं पाचवा हिस्सा वजन गेलं आहे.

आधी तातडीचं. तिचं पळणं आजपासून बंद करा. आणि तपासणी सहामाही परीक्षेनंतर नको, पुढच्या आठवड्यातही नको. उद्या न्या, फार तर परवा. किशोरवयात जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, तर मुलीला रुग्णालयात ठेवायचं का, याचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो ४८ आहे. ‘सगळं नॉर्मल’ या शब्दांखाली तो दबून गेला.

खेळाडूची नाडी मंद असते हे खरंच. त्याचं हृदय बळकट असतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. उपाशी मुलीची नाडी मंद होते ती इंधन वाचवण्यासाठी, आणि तोवर हातापायांच्या स्नायूंबरोबर हृदयाचा स्नायूही झिजू लागलेला असतो. खोलीत एक फेरी मारायला लावली, तर खेळाडूची नाडी थोडीशी वाढते, उपाशी शरीराची एकदम उसळते. पाळी बंद, वजन पाचवा हिस्सा कमी, आणि नाडी ४८, हे तिन्ही एकाच मुलीत असताना ‘पळते ना’ एवढ्यावर कुणीच थांबू नये.

आता तुमचा प्रश्न. रक्त नॉर्मल कसं?

ओढाताणीच्या दिवसांतली एखादी गृहिणी आठवून बघा. आत डबे रिकामे झालेले असतात, पण दारातली रांगोळी चुकत नाही आणि आल्यागेल्याला चहा मिळतो. रक्ताचं तसंच आहे. रक्तातली साखर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम जरा जरी हललं तरी हृदय आणि मेंदूवर बेततं, म्हणून शरीर ते शेवटपर्यंत सांभाळतं. त्यासाठी स्नायू मोडतं, हाडांतून कॅल्शियम काढतं, पाळी बंद करतं, हातपाय गार पडू देतं. अ‍ॅनोरेक्सियाच्या कितीतरी गंभीर रुग्णांचे, म्हणजे वजनाच्या भीतीनं स्वतःला उपाशी ठेवत नेणाऱ्यांचे, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ असतात. रिपोर्ट बिघडला तर धोका नक्की आहे, पण बिघडला नाही म्हणून धोका नाही, असं म्हणता येत नाही. समुपदेशक बाईंनी तुम्हाला पुन्हा पाठवलं ते याचसाठी. त्यांचे आभार माना, त्यांनी फार मोठं काम केलं आहे.

ते टी-थ्री, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आणि ती पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार, हेही याच गोष्टीचे भाग असू शकतात. उपाशी शरीर टी-थ्री स्वतःहून खाली आणतं, चूल मंद ठेवावी तसं. पोटात नीट अन्न जाऊ लागलं की ते आपोआप वर येतं. यासाठी थायरॉइडच्या गोळ्या द्यायच्या नसतात. त्यानं झीज आणखी वाढते आणि हृदयावर ताण येतो.

सोनोग्राफीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण असा घोटाळा झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. किशोरवयात अंडाशयात बऱ्याच छोट्या पुटिका दिसणं साधारण असतं, आणि उपासमारीनं पाळी थांबली असतानाही तसंच चित्र दिसू शकतं. नुसत्या त्या चित्रावर पीसीओडी म्हणता येत नाही. पाळी थांबण्याच्या आधी काय घडलं, वजन किती आणि किती वेगानं उतरलं, हे विचारावं लागतं. तुमच्या मुलीला त्या दिवशी ‘वजन आटोक्यात ठेवा’ असं सांगितलं गेलं. तिच्या डोक्यात रात्रंदिवस चाललेल्या आवाजाला त्या वाक्यानं डॉक्टरांची सही मिळाली. हे वाचून मला फार वाईट वाटलं. पाळी आणण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील, तर तेही नव्या डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं, गाडी रुळावर आली. हाडांची झीज त्यानं थांबत नाही, आणि अन्न पुरत असल्याची शरीराची एक महत्त्वाची खूण मात्र झाकली जाते. हाडांची बहुतेक ठेव याच वयात जमा होते, म्हणून सहा महिने पाळी नसेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात. पाच महिने झालेच आहेत.

मग पूर्ण तपासणीत काय होतं? त्यातलं बरंचसं मशीनशिवाय होतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

वजन सकाळी, लघवी करून आल्यावर, एका पातळ गाऊनवर घेतात. जीन्सच्या खिशात नाणी ठेवणाऱ्या, वजनाआधी बाटल्याच्या बाटल्या पाणी पिणाऱ्या मुली असतात. तुमची मुलगी खोटारडी आहे असं मी म्हणत नाही. हा आजारच माणसाला असं वागायला लावतो. पाण्याचा धोका मात्र खरा आहे. एकदम खूप पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम घसरतं आणि फिट येऊ शकते. म्हणून गरज वाटली तर लघवीची घनताही तपासतात. काही ठिकाणी मुलीला काट्याकडे पाठ करून उभं करतात, म्हणजे आकडा फक्त डॉक्टरांना दिसतो. घरातला वजनकाटा तुम्ही आजच शेजारी नेऊन ठेवा.

उंची-वजनाचा मोठ्यांसाठीचा बीएमआय १६ वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वाढीचे तक्ते दिले आहेत, त्यांवर तिचं वजन मांडतात. त्याहून मोलाची असते तिची स्वतःची रेघ, म्हणजे लहानपणापासून ती कोणत्या रेषेवर वाढत आली आणि कुठे खाली घसरली. म्हणून लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या आरोग्य तपासणीच्या नोंदी, जुनी प्रगतिपुस्तकं, जे सापडेल ते घेऊन जा. मुळात अंगानं भरलेली मुलगी वेगानं उतरली, तर ती तक्त्यात ‘ठीक’ दिसते आणि आतून तितकीच आजारी असू शकते. अशा मुलींचं तर सगळे कौतुक करत असतात.

नाडी आणि रक्तदाब दोनदा मोजायला हवेत. पाच मिनिटं शांत आडवं झोपवून एकदा, आणि उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर नाडी खूप वाढते का, वरचं प्रेशर २० पेक्षा जास्त घसरतं का, हे त्यात कळतं. घाईच्या ओपीडीत बसूनच एकदा प्रेशर घेतात, तेव्हा ‘आडवं झोपवून आणि उभं करून, दोन्ही बघता का?’ असं तुम्ही विचारा. विचारायला संकोचू नका. मग ताप. ९६ फॅरेनहाइटच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तो ताप नसल्याचा आनंद मानायचा नाही. शरीर तापवायलाच काही उरलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं का, उताणं झोपून हात न टेकता बसता येतं का, हेही पाहतात. स्नायूंत किती ताकद उरलीय ते दोन मिनिटांत समजतं. पाठीवर, दंडावर बारीक लव, गळणारे केस, निळसर बोटं, पावलांवरची सूज. उलट्या करत असेल तर दातांच्या आतल्या बाजूचं झिजलेलं आवरण, कानाखाली फुगलेल्या लाळग्रंथी, बोटांच्या पेरांवर दात लागून झालेले व्रण.

डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. बसा. उलट्या, पोट साफ होण्याची चूर्णं, गोळ्या, जगणं नकोसं वाटणं, हे आईसमोर कुठलीच मुलगी बोलत नाही. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून निरुपद्रवी वाटणाऱ्या चूर्णांत बरेचदा सोनामुखी असते, आणि रोज जुलाब होत राहिले की पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके चुकू लागतात.

ईसीजी हवाच. रक्तात सोडियम-पोटॅशियमबरोबर फॉस्फेट आणि मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्या, कारण लॅबच्या नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्सच्या तपासणीत ते बहुधा नसतात. तुमच्या आधीच्या रिपोर्टात आहेत का ते पाहा. जीवनसत्त्व ब-१२, ड, लोह हेही होईल. वजन घटण्याची दुसरी कारणं, म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी ज्याला लोक म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार, आतड्याची सूज, क्षय, मधुमेह, हीदेखील डॉक्टर डोळ्यांखालून घालतील.

आता आहाराची तपासणी. इथे माझा अनुभव सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते तेव्हा एक कॉलेजातली मुलगी आली होती. घासन् घास लिहिलेली, रंगीत पेनांनी आखलेली वही घेऊन. मी वहीचं कौतुक केलं, प्रथिनं थोडी वाढवायला सांगितली आणि पाठवून दिलं. तिच्या हाताला हात लावून तो किती गार आहे हेही पाहिलं नाही. पुढे ती चक्कर येऊन पडली तेव्हा मला कळलं, की मी आजाराचंच कौतुक केलं होतं. तेव्हापासून मी वही आधी बाजूला ठेवते.

चांगली आहारतज्ज्ञ ‘काल काय खाल्लं’ एवढ्यावर थांबत नाही. कोणता पदार्थ कधी सुटला, याचा क्रम ती विचारते. तुम्ही पत्रात नकळत तोच लिहिला आहे: तळलेलं, साखर, तूप, भात. भीती कशी पसरत गेली त्याचा तो नकाशा आहे, आणि बहुधा त्याच वाटेनं उलटं परत यायचं असतं. वाटी केवढी, फुलक्याला तेल लागतं का, जेवायला किती वेळ लागतो, घास कुसकरून ताटाच्या कडेला पसरते का, पंगतीत बसते की खोलीत ताट नेते, स्वतः न खाता घरच्यांसाठी केक करते का. उपास कधीपासून आणि घरात आणखी कोण करतं, हेही विचारायला हवं. आपल्याकडे हा आजार उपासाच्या आड सहज लपतो, कारण उपास करणाऱ्या मुलीला कुणी टोकत नाही, उलट गुणाची म्हणतात. तिच्या श्रद्धेला हात न लावता सांगता येतं, की आजारी माणसाला उपास माफ असतो. तुमच्या सासूबाईंनी हे सांगितलं तर जास्त वजन पडेल. आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुली ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असं कधी म्हणतच नाहीत. ‘पोट गच्च वाटतं’, ‘भूकच नाही’, ‘ॲसिडिटी होते’ म्हणतात. कमी खाण्यानं जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे पोट गच्च वाटणं खरंच असतं. त्यावर उतारा मात्र कमी खाणं नाही.

कोणाकडे जाताय ते पाहा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी असलेली आहारतज्ज्ञ शोधा, आणि फोनवरच विचारा, की खाण्याच्या विकारांचे रुग्ण पाहिलेत का. पहिल्याच भेटीत कॅलरी मोजायचं अ‍ॅप हातात देत असतील तर उठून या.

‘मी वेडी नाही’ याला उत्तर काय द्यायचं? ती खरंच वेडी नाही, आणि याचा एक जुना पुरावा आहे. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, शरीरानं आणि मनानं धडधाकट असे हे स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं सुमारे चौथा हिस्सा वजन उतरलं. त्यांची नाडी मंदावली, हातपाय गार पडले. एवढंच नाही, तर ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. यातल्या कुणाला अ‍ॅनोरेक्सिया नव्हता. ते फक्त उपाशी होते. तुमच्या मुलीचा आजार निव्वळ उपासमार नाही, त्यात भीती आहे आणि त्या भीतीवर मानसोपचार लागतील. पण तिचं जे वागणं तुम्हाला परकं वाटतंय, त्यातलं किती तरी भुकेचं आहे. पोट भरू लागल्याशिवाय समुपदेशनही फारसं आत उतरत नाही.

तिला सांगताना लांबण लावू नका. ‘तू वेडी आहेस म्हणून नाही, तुझी नाडी मंद आहे म्हणून आपण जातोय. मी बरोबर आहे.’ रडली, दार आपटलं, तरी हेच वाक्य, याच आवाजात. तिच्याशी वाटाघाटी करू नका. तापानं फणफणलेल्या मुलीला आपण ‘जायचं का ग?’ असं विचारत नाही.

आता लाडू. सासूबाईंची माया मला कळते, आणि त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे: अन्न हेच या आजारातलं पहिलं औषध. पण बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम खूप अन्न गेलं, की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून घेतं. रक्तात ते अचानक घसरलं की हृदय अडखळतं, श्वास लागतो, फिट येते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छावण्यांतून सुटलेले काही उपाशी कैदी पोटभर जेवण मिळाल्यानंतर दगावले, तेव्हा डॉक्टरांचं याकडे लक्ष गेलं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिल्या आठवड्यात धोका सगळ्यात जास्त, दोन आठवड्यांपर्यंत जपावं लागतं. म्हणून सुरुवातीला रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, आणि डॉक्टर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, सुरू करतात. तुमच्या मुलीनं किती महिने किती कमी खाल्लंय ते पाहता तिला हा धोका आहे.

याचा अर्थ डॉक्टर भेटेपर्यंत तिला उपाशी ठेवायचं असा अजिबात नाही. कमी तर काहीच करायचं नाही. ती खाते त्यात दर तीन तासांनी थोडीशी भर घाला: कपभर दूध, मऊ मुगाची खिचडी, दही-भात. दुधा-दह्यात फॉस्फेट चांगलं असतं, म्हणून सुरुवातीला ते बरं. ताट तुम्ही वाढा, तुम्ही समोर बसा, टीव्ही लावा, कॉलेजच्या गप्पा मारा. वजन, रूप, ‘बघ किती वाळलीस’ यातलं काही नको. पुढे आई-वडिलांनीच जेवणाची सूत्रं हाती घ्यायची असतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत किशोरवयीन मुलींत आज सगळ्यात भरवशाची मानतात. तेव्हा तिला तिच्या मैत्रिणींपेक्षाही जास्त खावं लागेल, कित्येक महिने. सासूबाईंना सांगा, डिंक आणून ठेवा, लाडवांचे दिवस येणार आहेत.

मधल्या काळात ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा दुखलं, पाणीही घेईना, गोंधळल्यासारखं बोलू लागली, पावलं सुजली किंवा श्वास लागला, किंवा जीव द्यायची भाषा केली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि ‘महिनोन्‌महिने खात नाहीये, नाडी ४८ होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. मानसिक आधारासाठी सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. ती तुमच्यासाठीही आहे, ताई. पत्राच्या शेवटी तुम्ही ‘माझंच काही चुकलं का’ असं लिहून खोडलं आहे, ते मला वाचता आलं. तुमच्या हातून आजार झाला नाही. नाडीचा आकडा लक्षात ठेवून तो तुम्ही मला कळवलात, म्हणून तर मला इतकं लिहिता आलं.

उद्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिशियनकडे जाताना एक चूक बहुतेक घरांत होते, ती टाळा. रक्त द्यायचं म्हणून मुलीला रात्रीपासून उपाशी ठेवतात. या तपासण्यांना उपाशी पोट लागत नाही. सकाळचं दूध आणि जे खाते ते खाऊनच निघा, आणि डबा बरोबर घ्या. ओपीडीत तीन-चार तास सहज जातात, आणि अकराची खाण्याची वेळ तिथेच होणार आहे.